मधला खण

कांदा भरायचा आठवडा आला की मी झाडण्यापासून सुरुवात करते. आधी बराखीतली जुनी फोलपटं, वाळकी पात आणि उंदरांचा पसारा बाहेर. मग खालच्या पट्ट्या एकेक करून ठोकून बघायच्या, ढिली असेल ती बदलायची. पत्र्याखाली उसाचं पाचट बांधून घ्यायचं, म्हणजे वैशाखात पत्रा तापला तरी खाली कांदा भाजत नाही. पश्चिमेच्या बाजूला पावसासाठी बारदानाचे पडदे शिवून ठेवायचे. हे सगळं मी कागदावर लिहून खांबाला चिकटवते आणि एकेक काम झालं की त्यावर रेघ मारते. कामावरच्या बायांना त्याची गंमत वाटते. परवा एकजण म्हणाली, "ताई, कागद न्हाई लावला तर कांदा आत यायला न्हाई म्हनतो का?" मी म्हटलं, "कांदा येईल गं, मला झोप यायची नाही."

पण पहिली पाटी रिकामी होते, कांदे पट्ट्यांवरून गडगडत कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि तो आवाज ऐकला की माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप वाकतात. जाड तार दाबायला वाकावीत तशी. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. दरवर्षी चैत्रात हे होतं आणि दरवर्षी मी हात पदराला पुसून पुढच्या कामाला लागते.

ज्यांनी बराखी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कांदा साठवायची ही लांबोडकी जागा. आमची लोणीच्या शिवारातली बराखी दुहेरी आहे. समोरासमोर दोन रांगा, मधून टेम्पो मागे घेता येईल एवढा बोळ, आणि सगळ्यावर एकच पत्रा. रांगांचे खण पाडलेले. खणांच्या भिंती म्हणजे फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वारा खेळावा म्हणून. दिवाळीच्या आगेमागे शेवटचा कांदा जातो आणि चैत्रापर्यंत बराखी रिकामी उभी असते. ती माझ्या मामांची. मी मूळची आळ्याची, पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मामांकडे राहून मंचरला जात होते. त्या वर्षी बराखी रिकामी असताना तिच्यात आमचा बँड सुरू झाला.

बँड म्हटलं की आमच्याकडे लाल कोट, पितळी वाजंत्री आणि नवरदेवाचा घोडा डोळ्यांसमोर येतो. आमचा तसला नव्हता. आम्ही तिघं. पारस गिटार वाजवायचा. मंचरच्या पेठेतल्या कापड दुकानदाराचा मुलगा, जैन, घराणं फार पूर्वी मारवाडातून आलेलं, पण पारस भांडायला लागला की शुद्ध मंचरचा वाटायचा. दत्ता लोणीचाच. दिवसा मंडपवाल्याकडे खांब रोवायचा आणि लग्नसराईत बँजो पार्टीत ढोल बडवायचा. आमच्याकडे येताना त्याने दोन ढोल, एक ताशा, कुणाच्या तरी ऑर्केस्ट्रातून टाकून दिलेल्या दोन झांजा असा संसार जमवला होता. आणि मला बास गिटार मिळाली. कारण साधं होतं. पारस म्हणाला, "सुमन मोजायला कधी चुकत नाही."

पारसच्या चुलतभावाने बंगळूरहून काही कॅसेटी पाठवल्या होत्या. त्यांतल्या गाण्यांना सुरुवात असायची, शेवट असेलच असं नाही. गिटारचा एकच सूर ओढून, तापवून, वाकवून इतका लांब नेलेला असायचा की ऐकताना खोलीच्या भिंती जवळ आल्यासारख्या, लांब गेल्यासारख्या वाटायच्या. पारस त्याला सायकेडेलिक रॉक म्हणायचा. दत्ताच्या तोंडी तो शब्द कधी बसला नाही. तो म्हणायचा, "ते आंगात येनारं."

आमचा नियम एकच होता. काहीही ठरवून यायचं नाही. कुणीतरी एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने ऐकायचं, मग शिरायचं, आणि वाट जाईल तिकडे जायचं. मला याचा किती त्रास झाला असेल, विचार करा. पहिल्याच दिवशी मी कोणी कधी वाजवायचं, कोणी कधी थांबायचं, याचा तक्ता करून नेला होता. पारसने तो वाचला, छान आहे म्हणाला, चार घड्या घातल्या आणि दत्ताचा ढोल डुगडुगत होता त्याच्याखाली टेकू म्हणून सरकवला. तक्ता त्या कामाला उत्तम होता. ढोल पुन्हा हलला नाही.

वेळ मात्र आमच्या हातात नव्हती. शिवारातली लाईट, पाण्याच्या मोटारींसाठीची थ्री फेज, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. दिवसाच्या आठवड्यात आम्ही वाजवायचो, रात्रीच्या आठवड्यात मी अभ्यास करायचे. लाईट आली की तिघं कुठूनही बराखीवर हजर. मामा एकदा गोठ्यातून ओरडले, "आली गं लाईट, आले बघ तिघं! थ्री फेज हायेत नुसते." तेच आमचं नाव पडलं. थ्री फेज.

रिकाम्या बराखीत आम्ही कसे वाजायचो? वाईट. दत्ताला मंडपवाल्याची एक सवय होती. नवीन जागेत शिरलं की मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवायची आणि कान द्यायचा. रिकाम्या बराखीत त्याने टाळी मारली की ती पत्र्यावर आपटून, बोळातून धावत, पलीकडच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. आमचंही तेच व्हायचं. मी एक सूर काढला की त्याची पिलावळ निघायची. ढोलाचा ठोका तीनदा ऐकू यायचा आणि पारसची गिटार पत्र्याच्या खडखडाटात बुडून जायची. बाहेर चिंचेखाली मामी तांदूळ निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, "पोरांनो, भांडी पडल्यागत वाजतंय. पन वाजवा."

मग फाल्गुन संपला, कांदा निघाला. शेतात आरणी, म्हणजे कांद्याचे झाकलेले ढीग, लागल्या, पात कापून झाली, आणि बैलगाडीमागून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागून बैलगाडी अशी बराखी भरायला लागली. बोळात आम्हाला जागा उरेना. मी मामांना म्हटलं, "आम्ही जातो दुसरीकडे." मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. बोलण्याआधी ते नेहमी असं करायचे.

"दुसरीकडं म्हंजे कुठं?"

"बघतो कुठेतरी."

"कुठंतरी कशाला? मधला एक खन ठेवतो मोकळा. बसा तिथं. पन एक सांगतो, कांद्याला हात लावला तर तंगडी मोडीन. पारसशेठ, तुमचीबी."

पारस म्हणाला, "मामा, मी कांद्याला हात लावला तर माझी आईच मोडेल. तुमची पाळी येणार नाही."

आम्ही त्या खणात शिरलो. डावीकडे कांदा छातीपर्यंत, उजवीकडे छातीपर्यंत, मागे भिंतीसारखा, फक्त पुढून बोळ उघडा. वर पाचट. तिघांना गुडघे एकमेकांना लागतील एवढीच जागा. आवाज मोठा करणारे अँप मांडले, ढोल ठेवला, दत्ताने एक ठोका दिला आणि थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. पुन्हा एक ठोका दिला.

तो ठोका परत आला नव्हता. पडला आणि पडला तिथेच बसला, ओल्या मातीत पहार बसावी तसा. मी सर्वांत जाड तार छेडली. एरवी जो आवाज पत्र्याकडे पळायचा तो माझ्या पोटऱ्यांतून जमिनीत उतरला. पारसने गिटारचा कान पिळून तार सैल केली, आणखी सैल केली, आणि जो सूर काढला तो बराखीच्या लांबीएवढा वाटला. जड. संथ. भरलेल्या गाडीचं चाक चिखलातून निघतं तसा. आम्ही त्याच्यामागे चालायला लागलो. किती वेळ, ते मला ठाऊक नाही, आणि मला वेळ ठाऊक नाही अशा माझ्या आयुष्यातल्या मोजक्या उदाहरणांतलं हे एक. थांबलो तेव्हा बोळात कांदा निवडणाऱ्या बाया हात थांबवून बसल्या होत्या आणि एकजण म्हणत होती, "माज्या दातात वाजतंय गं बाई."

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आठवणीत कांद्याच्या फोलपटाच्या रंगाचे आहेत, तांबूस आणि चमकते. पट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत यायच्या, ढोलावर ठोका पडला की फोलपटं उडायची आणि त्या रेघांत तरंगत राहायची. वास असा की पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी येतं आणि चौथ्या दिवशी त्याच्याशिवाय जेवण जात नाही. पारस सोडून. तो कांदा लसूण खात नव्हता आणि कांद्याच्या डोंगरात बसून जीव ओतून वाजवत होता. घरी गेला की आई त्याच्या केसांचा वास घ्यायची. "खाऊन आलास?" "नाही गं, वाजवून आलो." मामीने त्याच्यासाठी चुलीमागे एक तवा आणि एक पातेलं वेगळं ठेवलं होतं. कांद्याच्या घरात बिनकांद्याचं पिठलं करायचं म्हणजे काय, हे ती गावभर कौतुकाने सांगायची.

शेजारच्या मळ्यातल्या हौसाआक्का एकदा काठी टेकत आल्या. आम्हाला वाटलं, तक्रार. ऊसतोड झाल्यापासून बिबट्या उघड्यावर फिरत होता आणि आक्कांच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. आक्का म्हणाल्या, "बंद का केलं रं मागल्या आठवड्यात? तुमी वाजवता तवर त्यो फिरकत न्हाई. त्यालाबी कळतंय, हितं काय खरं न्हाई." बँडचं असं कौतुक मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

मामांना मात्र काळजी होती. ते सकाळी यायचे, स्पीकरजवळचा एक कांदा उचलायचे, दाबायचे, हुंगायचे, पुन्हा ठेवायचे. "तुमच्या ह्या धडधडीनं मोड येत्यात का काय, त्ये बघतोय." मोड आले नाहीत. पण बघणं थांबलं नाही. पुढे पुढे ते हुंगून झाल्यावरही उगाच उभे राहायला लागले, आम्ही सुरू करेपर्यंत.

आता सांगते ती चूक. तिघांनाही वाटत होतं की हा आवाज आपण कमावला. पारसच्या मते तो सैल तारांचा परिणाम होता. दत्ताने ढोलात आईचं जुनं लुगडं कोंबलं होतं, त्याच्या मते सगळं श्रेय लुगड्याचं. माझ्या स्पीकरला सुताराकडून नवी पेटी करून घेतली होती आणि मी जाणूनबुजून कमी सूर वाजवायला लागले होते, म्हणून मी मनातल्या मनात सगळं माझ्या नावावर मांडून ठेवलं होतं. याच गुर्मीत आम्ही शेजारच्या गावच्या यात्रेत वाजवायला गेलो. मंडपवाला दत्ताचा मालक, त्याने ऑर्केस्ट्राच्या आधी थोडा वेळ दिला.

उघडं मैदान. आम्ही सुरू केलं आणि आवाज आमच्या हातातून निघून थेट आभाळात गेला. काही उरलंच नाही. ढोल डब्यासारखा, गिटार डासासारखी. पारस लांब सूर धरून उभा राहिला तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ये भाऊ, ट्रॅक्टर चालू व्हईना का? धक्का मारू?" सगळं मैदान हसलं. दुसरा म्हणाला, "डिझेल संपलं असंल राव!" आम्ही मंचावरून उतरलो.

बराखीत परत आल्यावर आवाज पुन्हा तसाच, भरलेला, जड. मग आम्ही मैदानाला नावं ठेवली, यात्रेतल्या लोकांना नावं ठेवली आणि पुढे वाजवत राहिलो.

त्याच सुमारास पारसच्या घरी बोलणं झालं. त्याच्या वडिलांनी त्याला चेन्नईला काकांच्या दुकानात पाठवायचं ठरवलं होतं. पारसने पुण्यात राहून वाजवायला एक वर्ष मागितलं. वडील तसे कडक, पण सरळ. ते म्हणाले, "काय वाजवतोस ते मी ऐकलेलं नाही. कापड न बघता मी पैसे देत नाही. आणून दाखव." म्हणजे टेप करून न्यायची, आणि ती चांगली निघाली तर वर्ष मिळणार, नाहीतर पर्युषण झाल्यावर चेन्नई. आम्ही म्हटलं, त्यात काय, करू कधीही.

आषाढात मामांनी आमच्या डावीकडचे खण विकले. भाव बरा होता. पुढच्या दिवसाच्या आठवड्यात आम्ही वाजवायला बसलो आणि पहिल्या ठोक्यालाच काहीतरी बिनसलं. आवाज पोकळ. पारस दत्ताला म्हणाला, "लुगडं काढलंस का?" दत्ता म्हणाला, "तुजी गिटारच लागली न्हाई नीट, लुगड्याला कशाला बोलतो?" माझ्या पेटीवरही घसरले. तासभर तिघं एकमेकांची हत्यारं तपासत होतो आणि शब्द वाढत चालले होते. शेवटी दत्ता वैतागून बोळात जाऊन उभा राहिला आणि सवयीने त्याने एक टाळी मारली.

टाळी परत आली. पुरती नाही, डावीकडून, जिथले खण रिकामे झाले होते तिथून.

दत्ताने उजवीकडे तोंड केलं, जिथे कांदा होता, आणि पुन्हा टाळी मारली. काही नाही. तो परत डावीकडे वळला. टाळी. आली. आम्ही तिघं त्या रिकाम्या खणांकडे आणि भरलेल्या खणांकडे आळीपाळीने बघत उभे राहिलो. पारस खाली बसला. मग हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. "कांदा," तो म्हणाला. "मी आयुष्यात तोंडात घातला नाही, आणि माझा सगळा आवाज कांदा आहे."

त्या दिवसापासून माझी गंमतच झाली. मामांच्या घरात सगळे भाव चढायची वाट बघत होते. मीही बघत असे, मामांची भाची म्हणून. आणि बास वाजवणारी म्हणून मनात म्हणत असे, आठवडाभर चढू नको रे बाबा. तोवर लाईट रात्रीची झाली होती. दिवसाची यायला अजून अवकाश होता आणि त्याआधी टेप करता येणार नव्हती, कारण चातुर्मास लागला होता आणि पारसला सूर्य मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं असायचं.

भाव चढलाच. मामा बाजारातून आले ते टेम्पो ठरवूनच. बराखी पुरी रिकामी करायची होती. कांदा पावसाळी हवेत फार ठेवला तर सडतो. एका कांद्यापासून शेजारचा, त्याच्यापासून ढीग. हे मला कळत होतं. मी काही बोलणार नव्हते. पण मामीने ताटं वाढताना सांगून टाकलं, पोराला त्याचा बाप चेन्नईला धाडतोय, टेप पाहिजे, अन् आवाज कांद्याबिगर येत न्हाई म्हनत्यात.

मामांनी भाकरी मोडायची थांबवली. डोकं खाजवलं.

"कांद्याबिगर येत न्हाई म्हंजे?"

मी टाळीचं सांगितलं.

मामांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलं का, ते कळलं नाही. जेवण पुरं केलं, हात धुतला आणि कंदील घेऊन बराखीत गेले. मी मागे गेले. ते मधल्या खणात उभे होते. कंदील खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी बघत नाही अशा बेताने एक टाळी वाजवली. त्यांच्या राठ हातांची, बसकी. मग मला बघून ओशाळले.

"तुमाला कुठला पाहिजे? ह्यो, मागचा, अन् ह्यो?"

"डावीकडचा तर गेलाच आहे, मामा."

"त्यो भरू परत. पलीकडचा हिकडं वतू. दोन टोकांनी काढाय घेतो म्हनून सांगतो टेम्पोवाल्याला. मधला राहू दे लाईट दिवसाची व्हईपर्यंत."

"सडला तर?"

"मग सडला." त्यांनी कंदील उचलला. "त्या पोराला सांग, बापाला म्हनावं, माल बघून घ्या."

टेपच्या दिवशी भुरभुर होती. बारदानाचे पडदे सोडलेले होते, त्यामुळे आत दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं. मंडपवाल्याच्या टेपरेकॉर्डरला माईक जोडून दत्ताने तो बोळातल्या आढ्याला सुतळीने टांगला. हौसाआक्का आल्या आणि पाटीवर बसल्या. मामांनी बायांना सांगितलं, कांदा हलवायचा न्हाई, खोकायचं न्हाई. मीही त्या दिवशी कसलाही तक्ता नेला नव्हता.

दत्ताने सुरुवात केली. कांदा चारी बाजूंनी ऐकत असल्यासारखा. मी शिरले. पारस बराच वेळ आलाच नाही, नुसता डोळे मिटून उभा. मग आला. आम्ही चढत गेलो, आणि अगदी चढावर असताना नदीकाठच्या मोटारी सुरू झाल्या असाव्यात, कारण बल्ब लाल झाला आणि लाईट उतरली. अँपांचा दम गेला. गिटारचा सूर खाली, आणखी खाली, घोगरा, फाटका होत गेला. यात्रेत असं झालं असतं तर आम्ही थांबलो असतो. पारसने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मी एकच सूर धरला, सर्वांत खालचा, आणि सोडला नाही. दत्ताने ठोके लांब केले. त्या पडत्या लाईटवर आम्ही इतके सावकाश आणि इतके जड वाजलो की मागच्या ढिगातला एक कांदा सुटून गडगडत खाली आला. टेपमध्ये तोही आवाज होता. पत्र्यावर पाऊस, घोगरी गिटार आणि एक कांदा, टप टप टप, आमच्या लयीत.

बाहेर बघितलं तर दिवस कलला होता. मामीने पारसच्या हातावर पिठलं-भाकरीचं गाठोडं ठेवलं. "वाटंत खा. दिस हाय तवर."

पारसच्या वडिलांनी ती टेप दुकानात लावली. समोर लग्नाचा बस्ता काढायला आलेली माणसं बसली होती. पारसने आम्हाला पुढे सगळं करून दाखवलं. वडील ठाण मोजत होते. आवाज सुरू झाला तसं मोजणं सावकाश होत गेलं. गिऱ्हाईकांतलं एकजण म्हणालं, "शेठ, पंखा खराब झालाय का?" वडिलांनी हाताने गप्प केलं. पुरी बाजू ऐकली. मग विचारलं, "कुठे केलंत?"

"लोणीला. बराखीत."

"म्हणजे कांद्यात?"

"कांद्यात."

वडिलांनी गज ठेवला. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "एक वर्ष."

ते वर्ष पारसने पुण्यात काढलं. चांगल्या लोकांबरोबर वाजवलं. त्यांच्या खोल्यांच्या भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या, आवाज परत यायचा नाही. पण तो म्हणायचा, "गादी आवाज खाते गं सुमन. कांदा धरून ठेवायचा." वर्ष संपलं तसा तो परत आला आणि मुकाट्याने दुकानात बसला. आज त्याच्या दुकानाच्या दोन शाखा आहेत आणि तो बापासारखाच सरळ आहे. दत्ताचा स्वतःचा मंडप आहे. टेपला पुण्याच्या एका पावसाळ्यात बुरशी धरली. माझं लग्न झालं, मुलं मोठी झाली. मामांचा मुलगा चाकणला कंपनीत गेला, तेव्हापासून बराखीचा कारभार हळूहळू माझ्याकडे आला. मामा आता खाटेवर असतात, चिंचेखाली, जिथे मामी बसायची.

इतकी वर्षं मधला खण भरला जात नाही. मी विचारलं होतं एकदा. मामा म्हणाले होते, "वारा खेळाय लागतो." ते मला पटलं. मी कारभार घेतल्यावरही कागदावर तेच लिहीत आले, मधला खण, हवेसाठी मोकळा. या वर्षी पीक जोरात आहे. परवा मी हिशेब मांडला आणि लक्षात आलं की कांदा मावत नाही. हवा पट्ट्यांतून भरपूर येते, खाली जाळी आहे, मधला खण वाया चाललाय. मी बायांना सांगितलं, यंदा तोही भरा.

पहिली पाटी तिथे उचलली गेली तसे मामा खाटेवरून ओरडले. त्यांचा आवाज आता बसला आहे, पण त्या दिवशी बराखीच्या टोकापर्यंत आला.

"ये! तिथं न्हाई!"

मी बाहेर गेले. "मामा, कांदा जास्त आहे. हवेला आता जाळी केलीय आपण."

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर आता खाजवायला केस नाहीत, तरी हात फिरवला.

"हवा कशाची? अगं, पोरं आली तर बसतील कुठं?"

मी त्यांची टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली. मग आत जाऊन बायांना म्हटलं, राहू दे, जादाचा कांदा आरणीत घालू, पाचट टाकून. खांबावरच्या कागदावर त्या कामाची रेघ मारायची राहिली. दोन्ही बाजूंचे खण छातीपर्यंत भरले होते, मागचाही. मी मधल्या खणात जाऊन उभी राहिले आणि टाळी वाजवली.

परत आली नाही.

पारसला फोन लावला. मागे गिऱ्हाईकांचा गलका होता, कुणीतरी पैठणीचा भाव विचारत होतं. मी म्हटलं, "बराखी भरली रे. मधला खण मोकळा आहे. दत्ताशी बोललेय."

तो गलक्यातून बाहेर आला. मग म्हणाला, "लाईट दिवसाची आहे की रात्रीची?"

"दिवसाची," मी म्हटलं.